कामाच्या बाईनं शिवलेलं दुपटं

माझ्या पहिल्या लेकीसाठी मायनं जे दुपटं शिवलं, ते आमच्याकडच्या एका कामाच्या बाईनं शिवलंय असं मी सासरी सांगितलं. गोष्ट एवढीच आहे. पण ती मी आजवर कुणापुढं काढलेली नाही, आणि ज्या दोघींना ती ठाऊक होती त्या आता नाहीत. निजामाचं राज्य गेल्यावर आमच्या गावात बायांसाठी अक्षरवर्ग निघाला, तिथं मी उतारवयात लिहायला शिकले. नातवंडांना सांगून लिहून घ्यावं असं हे नाही. म्हणून वेड्यावाकड्या अक्षरात का होईना, स्वतःच लिहिते.

माझं माहेर लिंबागणेशजवळच्या एका लहान वस्तीवर. माळाची हलकी जमीन, बाजरी, तूर, थोडा कापूस, आणि उन्हाळ्यात तळ दाखवणारी एक विहीर. मी एकटीच लेक. सासर चौसाळ्याचं, आणि ते घर मोठं होतं. सासरे माली पाटील, म्हणजे गावचा सारा वसूल करणारे. तहसिलीचा गिरदावर महसूल तपासायला दौऱ्यावर आला की त्याचा घोडा आमच्याच दारात बांधला जायचा, ओसरीवर गालिचा पडायचा आणि आत आम्ही बाया आवाज न करता भांडी हाताळायचो. अशा घरात माझी सोयरीक जमली ती माझ्या रूपावर, असं सगळे म्हणायचे. मलाही ते पटायचं, आणि म्हणूनच मला सतत धास्ती असायची. रूपाखेरीज आपल्याकडं दाखवण्यासारखं काही नाही, हे त्या घरात कुणाच्या तरी ध्यानात येईल असं वाटायचं.

लग्नाला दोन वर्षं झाली आणि मृगाच्या तोंडावर बा तापानं गेला. मी तीन महिन्यांची गरोदर होते. मी पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. खुंटीवर त्याचा लाल पटका तेवढा होता. तो पटका बा फक्त लग्नाकार्याला, जत्रेला आणि तहसिलीत जाताना बांधायचा. त्याला एका जागी चिलमीच्या ठिणगीनं भोक पडलं होतं, ते तो बांधताना बरोबर आतल्या घडीत घ्यायचा.

दिवाळीच्या सुमाराला मी बाळंतपणाला माहेरी गेले. मार्गशीर्षात मुलगी झाली. मायनं दुपटं शिवायला घेतलं ते मी गेल्यावर आठवड्याभरातच. पेटीतून तिनं तीन कपडे काढले. एक तो पटका. दुसरं तिचं हळदीचं लुगडं, जे पिवळं होतं हे आता सांगावं लागत होतं. तिसरा माझा लहानपणीचा निळ्या रेघांचा परकर, जो मी इतका घातला होता की माय तो धुवायला मागायची तेव्हा मी रडायचे.

जुन्या कपड्याला तिनं कधी कात्री लावली नाही. शिवण उसवायची, कापड हातानं सरळ करायची, विरलेला भाग आत आणि धड भाग बाहेर येईल अशी घडी जुळवायची. दोरासुद्धा बाजारातला नसायचा. लुगड्याच्या काठातले दोरे ओढून काढायची आणि मांडीवर वळून दुहेरी करायची. सकाळी भाकरी झाल्या की उन्हात बसून शिवायची. टाके इतके बारीक आणि एकसारखे की दुरून कापडावर मुंग्यांची रांग चाललीय असं वाटायचं. आणि त्यात एकही गाठ नसायची. दोरा संपला की ती दोन टाके उलटे घालून तो आत हरवून टाकायची.

"लेकराच्या अंगाला गाठ टोचती," ती म्हणायची.

पटक्याचं भोक आलं तेव्हा मी तिला म्हणाले की ते आतल्या बाजूला घे.

"राहू दे," ती म्हणाली. "आज्जा चिलीम वढायचा हे त्याच्या नातीला कळू दे."

तिनं त्या भोकाभोवती एकात एक अशा तीन गोल रांगा घातल्या. त्या वेळी मी तिच्याजवळ बसून ते कापड नाकाला लावलं होतं. तंबाखूचा वास येत होता. मला आनंद झाला होता. हे सगळं मी अशासाठी सांगते की मी पुढं जे केलं ते नकळत केलं नाही. त्या दुपट्याचा कुठला तुकडा कुणाचा हे मला माहीत होतं.

माझी मोठी जाऊ पाटोद्याकडच्या एका वजनदार घरची. तिच्या बाळंतविड्याची गोष्ट माझ्या सासरी अजून निघायची. जरीची कुंची, चांदीचे वाळे, पाच प्रकारची झबली, आणि गाडीपुढं वाजंत्री. माझ्या मायनं आपल्या ऐपतीनं केलं. खणाची एक नवी कुंची, दोन झबली, सासूबाईंना लुगडं-चोळी, डिंकाचे लाडू. फाल्गुनात सासरहून गाडी आली तेव्हा तिनं मुलीला दुपट्यात गुंडाळून माझ्या मांडीवर दिलं आणि बराच वेळ गाडीमागं चालत आली.

वाटेत माळावर वारा होता. मुलगी शांत झोपली होती. चौसाळ्याची झाडं दिसायला लागली तसं मी दुपटं काढून तिला खणाची कुंची घातली. कापड नवं, कडक. ती जी किंचाळायला लागली ती थांबेना. गाडीवान मागं वळून बघू लागला. शेवटी कुंची काढून मी तिला पुन्हा दुपट्यात घेतलं, आणि तशीच दारात उतरले.

सासूबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला. जावेनं मुलीला घ्यायला हात पुढं केले आणि हसून म्हणाली, "पाटलाच्या नातीला गोधडीत गुंडाळून आणलं व्हय?"

त्यात फारसं विष नव्हतं. बाळाला जुनंच कापड घालतात, तिच्याही मुलांना घातलं होतं. पण ओसरीवर चार बाया बसल्या होत्या आणि मला वाटलं की त्या सगळ्यांना माळाची जमीन, तळ दाखवणारी विहीर आणि मायचं विरलेलं लुगडं, सगळं त्या दुपट्यात दिसतंय.

"आमच्याकडं कामाला येती त्या बाईनं शिवलंय," मी म्हणाले. "वाटंत धूळ लागू नये म्हणून वरून घातलं."

कुणी शिवलं हे मला कुणी विचारलंच नव्हतं.

तेवढ्यावर ते संपेल असं मला वाटलं. मी खणाची कुंची सगळ्यांना दाखवली, दुपटं पाळण्यात खाली घातलं. पण मुलीला दुसऱ्या कशात झोप येईना, म्हणून ते रोज वर यायचं.

माझ्या सासूबाई उंच, हाडापेरानं मजबूत, आणि फार कमी बोलणाऱ्या. त्यांना मी आत्याबाई म्हणायची. मानमोडीच्या साथीत त्यांची एक आठ-नऊ वर्षांची मुलगी गेली होती. मी त्या घरात येण्याआधीची गोष्ट. जावेनं मला ती एकदाच सांगितली होती, तीही हळू आवाजात, कारण घरात त्या मुलीचं नाव कुणी घेत नसे.

एक दिवस मुलीला तेल लावून झाल्यावर आत्याबाईंनी दुपटं उजेडाला धरलं. उलटं केलं, सुलटं केलं, काठावरून बोट फिरवलं.

"ह्याच्यात गाठच न्हाई," त्या म्हणाल्या. "बाई लई नेटकी दिसती तुमची."

मी हो म्हणाले.

"आन् हे भोक झाकलं कावून न्हाई?"

"आळस केला असंल," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडं न बघता मान हलवली. आळशी माणूस भोकाभवती एवढे टाके घालत न्हाई, असं काहीतरी त्या स्वतःशीच बोलल्या आणि दुपटं घडी करून ठेवलं. मी स्वयंपाकघरात गेले. पहिलं खोटं घाबरून तोंडातून गेलं असं मी स्वतःला समजावू शकत होते. हे दुसरं तसं नव्हतं. मी बसल्या जागी माझ्या मायला आळशी ठरवलं होतं.

वैशाखात मुलीचं जावळ काढायचं ठरलं. मामाच्या मांडीवर बसवायचं म्हणून माझा चुलतभाऊ आला, आणि त्याच्याबरोबर माय. बा गेल्यावर ती पहिल्यांदाच माझ्या सासरी येत होती. कार्य चालू असताना ती दाराशी, सवाष्णींपासून बाजूला बसली, जशी विधवेनं बसायची रीत होती. तिच्या हाताला काम नव्हतं, त्यामुळं ते हात कुठं ठेवावेत हे तिला कळत नव्हतं.

जेवणं झाल्यावर आत्याबाईंनी आम्हा दोघींना मागच्या खोलीत बोलावलं. तिथं एक लाकडी पेटी होती. ती उघडताना मी कधी बघितली नव्हती. त्यांनी आतून एक डाळिंबी परकर काढला, दोन चोळ्या, आणि एक ओढणीसारखं छोटं पातळ. कसर लागलेली होती. घडीवर घडी झिरझिरीत झाली होती.

"हे आता टिकत न्हाई," त्या मायला म्हणाल्या. "शिंप्याकडं दिलं तर तो कात्री घालील. तुमच्याकडं कामाला येती ना ती बाई, जिनं दुपटं शिवलं, तिच्याकडं द्यावं म्हणते. उशाला घेता यील असं कायतरी करून दे म्हणावं."

मायनं माझ्याकडं बघितलं. मी खाली जमिनीकडं बघत होते, तरी तिनं बघितलेलं मला कळलं. फार वेळ गेला नसेल. पण त्या वेळात मी बोलू शकले असते. खोलीत आम्ही तिघीच होतो. जाऊ नव्हती, ओसरीवरच्या बाया नव्हत्या. माझी अब्रू जाईल असं ऐकणारं तिथं कुणी नव्हतं.

"देते," माय म्हणाली. "ती शिवून दील."

मग ती आत्याबाईंना विचारायला लागली. मुलगी किती वर्षांची होती, परकर कुठल्या सणाला घेतला, यातलं जास्त काय घालायची. ती बाई इचारील म्हणून इचारते, असं ती मधूनमधून म्हणायची. आणि आत्याबाई सांगत गेल्या. मुलगी चिंच खायची, पायऱ्यांवरून उड्या मारायची, तिचा परकर झाडाला अडकून फाटला तेव्हा मार बसेल म्हणून तिनं तो गुपचूप स्वतःच शिवला. पाटलाच्या घरात मी दोन-तीन वर्षं काढली होती, आत्याबाईंच्या तोंडून एवढे शब्द सलग कधी ऐकले नव्हते. त्या माझ्या मायशी बोलत होत्या, पण बोलत होत्या एका कामाच्या बाईसाठी. आणि ते तसं मी करून ठेवलं होतं.

निघताना गाडीजवळ मी मायचा हात धरला. काय बोलणार होते ते मला आठवत नाही, बहुतेक काहीच ठरवलं नव्हतं. तिनं गाठोडं काखेत नीट धरलं आणि म्हणाली, "ऊन हाय. लेकराला घेऊन आत जा."

महिन्याभरात चुलतभाऊ उशी देऊन गेला. सरकी काढलेल्या कापसाची मऊ उशी. डाळिंबी परकर वर, चोळ्यांचे खण दोन्ही टोकांना, पातळाचे धड राहिलेले तुकडे बाजूंना. आत्याबाईंनी ती मांडीवर घेतली आणि बोटं फिरवत फिरवत एका जागी थांबल्या. परकर जिथं फाटला होता आणि त्या मुलीनं चोरून शिवला होता, ती शिवण मायनं तशीच ठेवली होती. लांबलांब वाकडे टाके, एक वर एक खाली, लहान मुलाच्या हातचे. मायनं ती घडीत लपवली नव्हती. बरोबर मध्ये, वरच्या बाजूला आणली होती, आणि तिच्या आजूबाजूला स्वतःचा एकही टाका घातला नव्हता.

आत्याबाई रडल्या. जाऊ धावत आली, तिला त्यांनी हातानंच परत पाठवलं. मी तिथंच उभी होते. मनात म्हणत होते, आता सांग. आता सांगितलंस तर त्या तुझ्या मायचे पाय धरतील. आणि तरी मी सांगितलं नाही, कारण आता सांगायचं तर आधी का सांगितलं नाही हेही सांगावं लागलं असतं.

पंचमीला मी माहेरी निघाले तेव्हा आत्याबाईंनी माझ्याजवळ एक लुगडं दिलं, अंजिरी रंगाचं. त्यांच्या अंगावर मी ते किती वेळा बघितलं होतं. पदराजवळ काट्यानं फाटलेलं त्यांनी स्वतः रफू केलं होतं.

"त्या बाईला दे," त्या म्हणाल्या. "नवं घेऊन देता आलं असतं. पर हे माझ्या आवडीचं हाय. तिला सांग तसं."

त्यांच्या मनात कुणाला कमी लेखण्याचा विचार तिळाएवढाही नव्हता. जिनं आपल्या लेकीची शिवण जपली तिला त्या आपल्या अंगावरचं देत होत्या. पण विहिणीनं विहिणीला आपलं वापरलेलं लुगडं द्यायचं, याचा आमच्याकडं काय अर्थ होतो हे कुणाला समजावून सांगायला नको. आणि ते लुगडं सबंध वाट माझ्या मांडीवर होतं.

ते मायला न देता विहिरीत टाकावं असंही मनात आलं. दिलं. कुणाचं, कुणासाठी, सगळं सांगितलं. तिनं पदराचं रफू बघितलं, हात चांगला हाय म्हणाली, आणि खुंटीवर ठेवलं. दुसऱ्या दिवशी खुरपायला जाताना तेच नेसून निघाली.

"माय, हे नको नेसू," मी म्हणाले.

"कावून?"

मी पदराच्या रफूकडं बोट केलं.

"शिवल्याची मजुरी हाय ती," ती म्हणाली. "दान न्हाई. मी कमवलंय."

त्या दिवशी मी तिच्यामागून शेतात गेले आणि बांधावर मुलीला घेऊन बसले. ती ओळीनं खुरपत पुढं जात होती. मी तिला म्हणाले की मी खोटं बोलले. खुरपं न थांबवता ती म्हणाली, "बोललीस." मग बऱ्याच वेळानं, ओळ संपवून परत येताना म्हणाली, "मला राग आलता. आठ दिस लई आलता. मंग पेरणी आली."

ती आणखी काही बोलेल म्हणून मी वाट बघत राहिले. ती पुढच्या ओळीला लागली.

कार्तिकात, दिवाळीनंतरच्या चतुर्थीला, आत्याबाईंनी लिंबागणेशला जायचं काढलं. मुलीला गोवर येऊन गेला होता, तेव्हा त्या नवस बोलल्या होत्या. गाडीत त्या, मी आणि मुलगी. देवाचं दर्शन झालं, पेढे वाटून झाले, आणि परतताना त्या गाडीवानाला म्हणाल्या की वस्तीवरून घे, इहीणबाईंना भेटून जाऊ, आणि त्या बाईलाही डोळ्यांनी बघू.

मी म्हणाले, उशीर होईल. म्हणाले, माय घरी नसेल. मी इतकी कारणं सांगितली की त्या माझ्याकडं जरा नवलानं बघायला लागल्या. गाडी वळली.

माय कापूस वेचत होती. कासोटा वर खोचलेला, कमरेला ओटी कापसानं फुगलेली, आणि अंगावर ते अंजिरी लुगडं. गाडी बघून ती तशीच बांधाकडं आली. आत्याबाई खाली उतरल्या. त्यांची नजर मायच्या तोंडावरून पदरावर गेली, रफूवर थांबली. मायनंही ते बघितलं. तिच्या चेहऱ्यावर काही हललं नाही.

"ती बाई पोटापाण्यासाठी खाली नगराकडं गेली," ती म्हणाली. "जाताना मला देऊन गेली."

माझी माय माझ्यासाठी तिसऱ्यांदा खोटं बोलत होती की चौथ्यांदा, मला मोजता आलं नाही. आत्याबाई "बरं" म्हणाल्या. आम्ही घरात गेलो. माय पाणी आणायला आत वळली आणि आत्याबाई बाजेवर बसायला गेल्या. बाजेवर एक अर्धी शिवलेली वाकळ पडली होती, सुई तशीच टोचलेली. त्यांनी ती बाजूला सारायला उचलली, आणि सारली नाही. कोपरा उलटा केला. अंगठा दोऱ्याच्या टोकाकडं गेला. तिथं गाठ नव्हती. दोन उलटे टाके होते आणि दोरा आत गेलेला होता.

त्यांनी मायला काही विचारलं नाही. मला विचारलं.

"सूनबाई, ती बाई कुठं राहती?"

माय तांब्या घेऊन दारात उभी होती. मी तिच्याकडं बघितलं. तिनं आणखी एखादं खोटं काढलं असतं, तिच्याजवळ ते तयारही असेल. पण या वेळी ती बोलली नाही. वाट बघत राहिली.

"बाई कुणी न्हाई आत्याबाई," मी म्हणाले. "दुपटं मायनं शिवलं. उशी पण तिनंच."

मुलगी तेवढी बाजेचा दोर ओढत होती.

"पाणी घ्या," माय म्हणाली.

आत्याबाईंनी पाणी घेतलं, गूळ खाल्ला. कापूस कसा झाला, विहिरीला पाणी किती, असं विचारलं. निघताना त्यांनी मायच्या हातांना हात लावला आणि तेच हात आपल्या कपाळाला लावले. माझ्या सासूला मी दुसऱ्या कुणापुढं तसं करताना बघितलं नाही. त्या गाडीत चढल्यावर मी मायच्या पाया पडायला वाकले आणि मला उठता येईना. तिनं दंडाला धरून उठवलं. "त्या बसल्यात गाडीत," ती म्हणाली. "खोळंबा नको."

अर्ध्या वाटेवर आत्याबाई एकदम म्हणाल्या, "तू मायला कमी लेखलंस ते तुझं तू बघ. पर माझ्या हातून तिचा अपमान करवलास. माझं नेसून जुनं झालेलं लुगडं इहिणीच्या अंगावर. मी काय केलं व्हतं तुझं?"

मला वाटलं होतं की मी माझ्या गरिबीची लाज झाकतेय. आत्याबाईंची अब्रू मी त्यात गुंतवलीय हे तोवर माझ्या डोक्यात आलं नव्हतं. माफ करा म्हणाले, ते बैलांच्या घुंगरांत त्यांना ऐकू गेलं की नाही कोण जाणे.

त्यांनी घरात कुणाला सांगितलं नाही. जावेला नाही, माझ्या नवऱ्याला नाही. ती दया होती की घराण्याची काळजी, मला माहीत नाही. पण पुढं वर्षभर त्या माझ्याशी कामापुरतंच बोलल्या. पीठ काढ, दूध तापव, दिवा लाव.

संक्रांतीला त्यांनी मायला बोलावणं पाठवलं, आणि गाडीबरोबर एक कोरं लुगडं. माय आली, नवं लुगडं नेसून आली. त्यानंतर ती वर्षातून दोन-तीनदा येऊ लागली. आत्याबाई तिला मागच्या खोलीत घेऊन बसायच्या आणि दोघी शिवायच्या. पाटलीणबाई, घरात चार बायका कामाला असताना, स्वतः मांडीवर दोरे वळायला शिकल्या. घरातलं जुनेर एकेक करून त्या खोलीत जायचं आणि वाकळ होऊन बाहेर यायचं. ओसरीवरच्या बायाही आपलं काही काही आणून द्यायला लागल्या. विहीणबाईंचा हात असा, विहीणबाईंचा हात तसा, असं माझ्याच तोंडावर बोलायच्या. जावेनं आपल्या धाकट्यासाठी हौसेनं दुपटं करून घेतलं. ज्या गोष्टीला मी भ्याले होते ती कधी होणारच नव्हती.

मी चहा-पाणी घेऊन त्या खोलीत जायची. त्या हसत असायच्या कधीकधी. मी आत गेले की बोलणं थांबायचं असं मला वाटायचं. तिथं बसावंसं वाटायचं, पण मला कुणी बस म्हणालं नाही, आणि न सांगता बसण्याचा हक्क मी गमावला होता.

माझ्या मुलींपैकी कुणालाच ती शिवण आली नाही. मायनं मला शिकवायला काढली होती लहानपणी, मी कंटाळा केला होता. नंतर तिच्याकडं मागायला तोंड नव्हतं. आज माझ्या घरात कुणाला सुई धरता येत नाही असं नाही, पण दोरा संपला की आम्ही सगळ्या गाठ मारतो.

माय आत्याबाईंच्या आधी पाच-सहा वर्षं गेली. पटकीची साथ होती. आत्याबाई त्या वयातही गाडीनं वस्तीवर गेल्या आणि तेरा दिवस तिथं राहिल्या. परत आल्या त्या खचूनच.

त्यांच्या शेवटच्या आजारात मी त्यांचं सगळं केलं. तोवर आमच्यात बोलणं पुष्कळ सुधारलं होतं, माझ्याही डोक्याचे केस पांढरे व्हायला लागले होते. एका दुपारी त्यांच्या पायांना तेल लावताना मी धीर केला आणि विचारलं. एवढी वर्षं तुम्ही दोघी बसायच्या, माय माझ्याबद्दल काय बोलायची?

त्यांनी डोळे उघडून माझ्याकडं बघितलं. आठवायचा खरंच प्रयत्न करत होत्या असं वाटलं.

"तुझा इषय कधी निघालाच न्हाई," त्या म्हणाल्या. "आमी कापडाचं बोलायचो. आन् माझ्या पोरीचं."

माझा हात थांबला होता. त्यांनी दुसरा पाय पुढं केला, आणि मी त्याला तेल लावायला घेतलं.